आप्त कोण? धामेच्या काठावरची एक पक्षीफेरी

(वर्ध्यात झालेल्या सार्वजनिक व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरे दिली आहेत.)

मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, इथे खुर्च्या रिकाम्या आहेत. पहिल्या रांगेत बसलं म्हणजे प्रश्न विचारले जातात ही भीती शाळेतच सोडून यायची.

आज मी पक्ष्यांवर बोलणार असं पत्रकात छापलंय. आधीच कबूल करतो, मी पक्षीतज्ज्ञ नाही. आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं. निवृत्त झालो, डॉक्टर म्हणाले रोज चाला. चालता चालता वर बघायची सवय लागली, एवढंच माझं पक्षीशास्त्र. पण त्या चालण्यातून एक प्रश्न समोर आला, आणि तो माझ्याच विषयातला निघाला. एखाद्याला एखादी गोष्ट ‘माहीत आहे’ असं आपण केव्हा म्हणतो? आणि काही माणसांच्या बाबतीत तेच म्हणताना आपली जीभ का अडखळते?

दोनदा बोलला तर इथला

तीन हिवाळ्यांपूर्वी आम्ही काही जणांनी धाम नदीच्या काठाने पक्षीफेरी सुरू केली. पवनारला विनोबांच्या आश्रमाखालून वाहते ती धाम तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. आम्ही चालतो ते त्याच काठावरच्या एका गावापासून. गावाचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते कुठल्याही गावाला लागू पडेल.

फेरीत बहुतेक मुलं बौद्ध वस्तीतली, काही पारधी बेड्यावरची, दोन-चार ढीवरांची. मी आणि आणखी एक-दोन निवृत्त माणसं. नियम एकच ठेवला होता. वाट दाखवायची ती तिथल्या माणसाने. पुस्तक पिशवीत ठेवायचं, आणि कोणी काही सांगून झाल्यावर उघडायचं.

पहिल्याच सकाळी वाट दाखवायला आले ते बेड्यावरचे एक म्हातारेबुवा. पंचाहत्तरी ओलांडलेली, पायात टायरच्या चपला. कापणी झालेल्या शेताच्या धुऱ्यावर उभे राहिले आणि तोंडाने लाव्याचा आवाज काढला. आधी दोन टोल, थांबून पुन्हा दोन टोल. मग जरा वेगळा, तीन टोलांचा. मुलं हसायला लागली. म्हातारेबुवा म्हणाले, “दोनदा बोलला तं थो इथलाच. तीनदा बोलला तं पाहुणा समजा, हिवाळ्यात येते, उन्ह तापलं का जाते.”

मी पिशवीतून पुस्तक काढलं. लाव्याच्या जाती बऱ्याच आहेत, पण या शेतांतल्या दोन सारख्या दिसतात. एक काळ्या छातीचा, जो पावसाळ्यात इथेच घरटं करतो. त्याची शीळ दोन सुरांची, जोडीजोडीने येणारी. दुसरा हिवाळी पाहुणा, त्याची शीळ तीन सुरांची. पक्षी गवतात दडलेला असतो, छाती कुठे दिसते! तेव्हा ओळखायचा तो आवाजावरून. पुस्तकाने जे अर्ध्या पानात सांगितलं होतं ते या माणसाने दोन वाक्यांत सांगितलं.

आता माझ्या मनात त्या क्षणी काय आलं ते प्रामाणिकपणे सांगतो. मनात आलं, ‘वा, बरोबर सांगितलं यांनी.’ म्हणजे बघा, पास-नापास मी करत होतो. ज्याने आयुष्यात एक लावा धड पाहिला नव्हता, तो पुस्तक उघडून त्या म्हाताऱ्याला गुण देत होता. उलटं मनात आलं नाही. ‘पुस्तक बरोबर आहे, कारण यांच्या सांगण्याशी जुळतं,’ असं काही आलं नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, आपण तिच्याकडे परत येणार आहोत.

पक्ष्यांचा गावगाडा

मराठीत पक्ष्यांची नावं पाहिली तर गंमत दिसते. झाडावर टकटक करतो तो सुतार. पानं शिवून घरटं करतो तो शिंपी. तांब्याच्या भांड्यावर ठोके पडावेत तसा ओरडतो तो तांबट. नदीच्या कडेला शेपटी आपटत फिरतो तो धोबी, परीटही म्हणतात. काट्याला किडे-सरडे टोचून ठेवतो तो खाटीक. कावळ्या-घारींना पिटाळून लावतो तो कोतवाल. पाण्यात सूर मारून मासा उचलतो तो धीवर. आणि वर निवांत घिरट्या घालते ती ब्राह्मणी घार.

सगळा गावगाडा आकाशात बसवलाय की नाही? ही नावं कोणी समिती बसवून दिलेली नाहीत. राबणाऱ्या माणसांनी पक्षी बघितला आणि त्याच्यात आपलं काम बघितलं. तांबटाला तांबट हे नाव द्यायला आधी तांब्यावर ठोका कसा पडतो ते कानात असावं लागतं. या नावांत निरीक्षण आहे. ते करणारे कोण होते हे नावंच सांगतात.

पण पक्षीनिरीक्षणाच्या छापील इतिहासात ही माणसं शोधा. तिथे साहेब भेटतात. ॲलन ह्यूम हे नाव तुम्हाला काँग्रेसमुळे माहीत आहे, १८८५. हाच ह्यूम त्या काळचा हिंदुस्थानातला सगळ्यात मोठा पक्षीसंग्राहक. १८७३ मध्ये त्याने एका छोट्या घुबडाचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं. आपण त्याला रानपिंगळा म्हणतो. ज्या ब्लेविट नावाच्या अधिकाऱ्याकडून नमुना आला, त्याचं नाव घुबडाला मिळालं. पुढे शंभरावर वर्षं हा पक्षी शास्त्रज्ञांना सापडला नाही. नामशेष झाला असावा असं मानलं जात होतं. १९९७ च्या नोव्हेंबरात तीन अमेरिकन अभ्यासकांना तो नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ पुन्हा दिसला. नंतर आपल्या मेळघाटातही सापडला. वर्तमानपत्रांनी छापलं, हरवलेला पक्षी सापडला! मी माझ्या विद्यार्थ्यांना विचारायचो, हरवला होता म्हणजे कोणाच्या लेखी? घुबड तर तिथेच होतं.

योगायोग बघा, ते वर्ष १८७३. त्याच वर्षी पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली, आणि अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. इथल्या शूद्रातिशूद्रांचं दुःख आणि तिथल्या काळ्या माणसांचं दुःख यांचा धागा जोतीरावांनी तेव्हाच जोडला. पुढे शंभर वर्षांनी, १९७२ मध्ये, दलित पँथरने नावासकट तो धागा पुन्हा उचलला. जात आणि वर्ण एकच नव्हेत. पण एकाच्या उजेडात दुसरं नीट दिसतं, आणि आजच्या विषयात तर फारच नीट.

खालचा घाट

आमच्या फेरीत पक्षी आणि गावाचा इतिहास असे दोन तास वेगळे कधी झाले नाहीत. नदीच्या एका वळणावर वाळलेली बाभूळ आहे, तिच्यावर पाणकावळे पंख पसरून बसतात. ढीवरांच्या मावशी दाखवत होत्या, पाणकावळे एका रांगेत बुडायला लागले की समजायचं, बारीक मासोळी वर आली. जाळं कुठे टाकायचं ते पाणकावळा सांगतो.

तेवढ्यात आमच्यातले एक निवृत्त शाळामास्तर, बौद्ध वस्तीतलेच, म्हणाले, “हा आमचा घाट.” मुलांनी विचारलं, आमचा म्हणजे? ते म्हणाले, “गावाचा घाट तिकडे वर. आमचा खाली. वर धुणीभांडी, गुरंढोरं होऊन जे पाणी येई ते आमचं.” मुलांना हे माहीत नव्हतं. आजीला माहीत असणार, पण आजीने कधी सांगितलं नाही आणि यांनी विचारलं नाही. पाणकावळ्यांमुळे तिथे थांबलो म्हणून विषय निघाला.

आता हे आपल्या वर्ध्यात सांगतोय म्हणून आणखी एक आठवण ठेवली पाहिजे. महाडचं चवदार तळं १९२७ चं. पुढच्याच वर्षी, जुलै १९२८ मध्ये, जमनालाल बजाजांनी इथलं लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांसाठी उघडलं. देशातल्या अशा पहिल्या मंदिरांत ते मोजलं जातं. १९३६ मध्ये गांधीजी शेगावला राहायला गेले, बहुतांश दलित वस्तीचं गाव. पुढे त्याचं सेवाग्राम झालं. म्हणजे या जिल्ह्याला सुधारणेचा मोठा वारसा आहे आणि आपल्याला त्याचा अभिमान आहे. असावाच. पण त्या इतिहासात दार उघडणाऱ्याचं नाव आपल्याला पाठ असतं. आत गेलेल्या माणसाला त्या दिवशी काय वाटलं, हे सांगणारं कोणी आपल्याला पाठ नाही. मास्तरांनी घाट दाखवला तेव्हा मला ही उणीव कळली. इतिहासातही साक्षीदार कोण धरायचा हा प्रश्न आहेच.

त्या दिवशी एका मुलाने मोठ्या उत्साहाने म्हटलं, “पक्ष्यांना जात नसते, सर!” टाळ्या पडल्या. मीही वाजवली. वाक्य खरं आहे, पण त्याने काही हलत नाही. पक्षी कुठेही उतरतो. त्याच्याकडे बघायला कोण कुठे उभा राहू शकतो, हा आपला प्रश्न आहे. तो थोड्याच दिवसांत आमच्या पुढ्यात आला.

‘दुर्बीण कुठून आणली?’

फेरीतला पारधी बेड्यावरचा एक मुलगा, बारावीत शिकणारा. घरी पारधी बोली, शाळेत मराठी, आणि पक्ष्यांची इंग्रजी नावं मोबाइलवरून पाठ केलेली. त्याची नजर आमच्या सगळ्यांपेक्षा तेज. त्याला मी माझी जुनी दुर्बीण दिली होती. एका सकाळी तो आमच्या पुढे शंभर पावलं गेला. बांधावर उभा राहून टिटवीचं अंडं शोधत होता. टिटवी जमिनीवर, उघड्यावर अंडी घालते. आपण जवळ गेलो की ओरडत भलतीकडेच धावते, आपल्याला फसवायला. हा मुलगा टिटवीच्या मागे जात नव्हता. ती जिथून उठली ती जागा बघत होता.

तेवढ्यात रस्त्यावर एक गाडी थांबली. दोघे उतरले. कोण होते, कोणत्या खात्याचे की खासगी, ते सांगण्यात अर्थ नाही. पहिला प्रश्न, “दुर्बीण कुठून आणली?” दुसरा, “बेड्यावरचा का?” तिसरा प्रश्न आला नाही, मनगट धरलं.

मी धावत गेलो, माझ्या वयाला जमेल तेवढा. म्हटलं, “तो आमच्याबरोबर आहे. मी प्राध्यापक होतो, हे माझं.” लगेच हात सुटला. “माफ करा सर, आजकाल काही सांगता येत नाही,” वगैरे. गाडी निघून गेली.

मुलगा काही बोलला नाही. परत येताना एवढंच म्हणाला, “सर, तुम्ही मागं राहिले असते तं?”

मला उत्तर देता आलं नाही. तुमच्याकडे असलं तर नंतर सांगा.

घरी आल्यावर मला न्यूयॉर्कची गोष्ट आठवली. २५ मे २०२०. सेंट्रल पार्कमध्ये ख्रिश्चन कूपर नावाचे एक काळे गृहस्थ पक्षी बघत होते. एका गोऱ्या बाईंचा कुत्रा मोकळा होता. तिथे तो बांधून ठेवायचा नियम आहे, तर त्यांनी तेवढं सांगितलं. बाईंनी पोलिसांना फोन लावला की एक आफ्रिकन-अमेरिकन माणूस मला धमकावतोय. कूपर यांनी हे चित्रित केलं म्हणून जगाला कळलं. त्याच दिवशी मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड पोलिसांच्या हातून मारले गेले. आठवड्याभरात तिकडच्या काळ्या तरुण अभ्यासकांनी ‘ब्लॅक बर्डर्स वीक’ सुरू केला. म्हणजे आम्हीही पक्षी बघतो, आम्ही इथे आहोत, हे सांगणारा सप्ताह. तिथले ड्र्यू लॅनहम हे पक्षीशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी त्याआधीच, २०१३ मध्ये, काळ्या पक्षीनिरीक्षकांसाठी उपरोधाने काही नियम लिहिले होते. त्यातला एक, टोपीवाला सदरा घालून पक्षी बघायला जाऊ नका. हसू येतं, आणि मग येत नाही.

तिकडे नावांचाही प्रश्न निघाला. ज्यांच्या नावाने पक्षी ओळखले जात त्यांत गुलामांचे मालक होते, गुलामगिरीसाठी लढलेला सेनापती होता. २०२३ च्या शेवटी अमेरिकन पक्षीशास्त्र संघटनेने ठरवलं, माणसांच्या नावांवरून पडलेली पक्ष्यांची इंग्रजी नावं बदलायची. आपल्याकडे सुतार आणि तांबट आहेत. नावं बदलायची गरज नाही. नावं देणाऱ्यांच्या वंशजांचं मनगट सोडायची गरज आहे.

आप्त म्हणजे कोण

आता माझ्या विषयाकडे येतो. घाबरू नका, दहा मिनिटं.

आपल्याला माहीत असलेल्या बहुतेक गोष्टी आपण स्वतः पाहिलेल्या नसतात. कोणीतरी सांगितलेल्या असतात. आपली जन्मतारीखसुद्धा! न्यायदर्शनात याला शब्दप्रमाण म्हणतात. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि चौथं शब्द. पण कोणाचाही शब्द प्रमाण नाही. आप्ताचा शब्द प्रमाण. रोजच्या मराठीत आप्त म्हणजे नातेवाईक. न्यायशास्त्रात अर्थ वेगळा आहे. ज्याने गोष्ट स्वतः जाणली आहे, आणि जशी जाणली तशी सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. दोनच अटी.

न्यायसूत्रांवर वात्स्यायनाचं भाष्य आहे, साधारण पाचव्या शतकातलं. आप्ताचं लक्षण सांगितल्यावर तो म्हणतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ, तिघांनाही सारखंच लागू आहे. सावकाश ऐका हे. जन्म कुठला, वर्ण कुठला, संस्कृत येतं की नाही, काही विचारायचं नाही. त्याने पाहिलंय का, आणि तो खरं सांगतोय का, एवढंच. म्लेच्छही आप्त असू शकतो. मी हे वाक्य तीस वर्षं वर्गात शिकवलं. परीक्षेत विचारलं, पाच गुणांना. आणि धुऱ्यावर लाव्याचा आवाज ऐकताना मला ते आठवलं नाही.

आपल्या परंपरेने हे वाक्य ग्रंथात ठेवलं आणि गावात वागताना बाजूला ठेवलं. ग्रंथात म्लेच्छ आप्त, गावात त्याची साक्ष दुय्यम.

अलीकडे, २००७ मध्ये, मिरांडा फ्रिकर या इंग्रज विदुषीने याच प्रकाराला नाव दिलं. तिचं म्हणणं असं की अन्याय फक्त जमिनीचा, मजुरीचा, पाण्याचा नसतो. ज्ञानाचाही असतो, आणि त्याचे दोन प्रकार. पहिला साक्षीतला अन्याय. सांगणारा अमुक समाजाचा, म्हणून त्याच्या शब्दाला ऐकणारा कमी वजन देतो. बांधावर हेच झालं. मुलाने “सरांनी दिली” म्हणून सांगितलं होतं, नंतर कळलं मला. त्याचं खरं बोलणं चाललं नाही, माझं चाललं. वाक्य तेच, तोंड वेगळं.

दुसरा प्रकार जास्त खोल आहे. एखाद्याच्या अनुभवाला समाजाच्या भाषेत शब्दच नसतो. त्याच्याकडे ज्ञान आहे, पण ते सांगायला जो शब्द उपलब्ध आहे तो ‘शिकार’. फासेपारधी हे नावच फासावरून पडलं. पक्षी कोणत्या वाटेने चालतो, कधी पाण्यावर येतो, मादी कुठे बसते, हे कळल्याशिवाय फास लागत नाही. गायपारधी गाईच्या आडून चालत, कारण गाईला बघून पक्षी उडत नाही. आज छायाचित्रकार लपणीत बसतात, बऱ्याच पैशांची लपणी असते, तिला आपण अभ्यास म्हणतो. गाईच्या आड चालणं हा मात्र गुन्हेगारीचा पुरावा.

हे बदलू शकतं याचीही उदाहरणं आहेत. बिहारच्या मीरशिकार समाजातले अली हुसेन पक्षी धरण्यात इतके तरबेज, की बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याच्या कामासाठी त्यांना बोलावलं. त्यांनी जाळ्यात हळुवार धरलेल्या पक्ष्यांमुळे स्थलांतराच्या कितीतरी नोंदी मिळाल्या. कसब तेच, पिंजऱ्याऐवजी नोंदवहीसाठी. आपल्या विदर्भात, अकोला-वाशीमकडे, तणमोर वाचवण्यासाठी गवताळ माळ राखायच्या कामात फासेपारधी कुटुंबं उतरली. आणि मारुती चितमपल्ली! २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी ते गेले. वनाधिकारी होते, पण जंगलात राहणाऱ्यांना त्यांनी गुरू मानलं. त्यांच्याकडून नावं घेतली, शब्द घेतले, आणि घेतले हे लिहून ठेवलं. त्यामुळे मराठी भाषा केवढी श्रीमंत झाली.

माझी चूक

आता शेवटचा भाग, जो सांगायला मला जड जातो.

बांधावरच्या प्रसंगानंतर मी ठरवलं, पुन्हा असं होता कामा नये. उपायही काढला. ओळखपत्रं! फेरीतल्या मुलांसाठी छान छापून घेतली. फोटो, नाव, ‘पक्षीनिरीक्षक’ असं ठळक अक्षरात, खाली माझी सही. गळ्यात घालायला निळ्या दोऱ्या. पुढच्या रविवारी वाटली. मुलं खूश. म्हातारेबुवांच्या हातात दिलं. त्यांनी उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, “माह्या बापापाशीबी असाच कागद होता जी. गावाबाहेर जाचं असलं तं दाखवा लागे.”

तिथे जे वयस्क होते ते गप्प झाले. मुलांना कळेना.

मग त्यांना सांगावं लागलं. १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. नाव नोंदवायचं, हजेरी द्यायची, हद्द ओलांडायची तर परवाना. देश १९४७ ला स्वतंत्र झाला, पण या लोकांच्या गळ्यातून तो कायदा निघाला ३१ ऑगस्ट १९५२ ला. म्हणून त्यांना विमुक्त म्हणतात. बाकीच्यांचा एकच स्वातंत्र्यदिन, यांचे दोन. आणि मी, तत्त्वज्ञानाचा डॉक्टर, चांगल्या हेतूने त्यांच्या नातवाच्या गळ्यात पुन्हा परवाना घालत होतो. सही माझी!

तो मुलगा म्हणाला, “सर, तुमचं कार्ड कुठाय?” माझं छापलंच नव्हतं. मला गरज आहे असं मनातही आलं नव्हतं.

ती ओळखपत्रं माझ्या कपाटात आहेत. टाकून देववत नाहीत, आणि टाकूही नयेत असं वाटतं.

नंतर आम्ही दोन-तीन साध्या गोष्टी केल्या. फेरीची सूचना लावतो, तिच्यावर ‘मार्गदर्शक’ म्हणून म्हातारेबुवांचं आणि ढीवर मावशींचं नाव वर असतं. माझं खाली, सहभागींच्या यादीत. त्यांना दर फेरीचं मानधन देतो, पाकिटात घालून, सगळ्यांसमोर, पाहुण्या वक्त्याला देतात तसं. नोंदवहीत पक्ष्याचं नाव आधी गावाचं, मग पुस्तकाचं, आणि शेजारी कोणी ओळखला त्याचं नाव. आणि माझ्या तोंडातलं एक वाक्य मी बदललं. परवा कोणीतरी रस्त्यात थांबून मला विचारलं, “हे लोक कोण?” मी म्हटलं, “हे आम्हाला पक्षी शिकवतात. आम्ही यांच्याबरोबर आहोत.”

विचारणारा गोंधळला. गोंधळू दे. एवढ्याने मनगटं धरणं थांबणार नाही, हे मला माहीत आहे. ‘तुम्ही मागं राहिले असते तं’ याचं उत्तर ज्या दिवशी ‘काही फरक पडला नसता’ असं देता येईल, त्या दिवशी आमची फेरी पूर्ण झाली म्हणायची.

निवडक प्रश्नोत्तरे

प्रश्न: सर, काही वर्षांपूर्वी आपण वर्धेकरांनी मतदान करून नीलपंखाला शहरपक्षी निवडलं. सगळ्यांनी मिळून केलं. तिथे कोणी जात विचारली नाही. मग पक्ष्यांच्या आनंदात जात का आणायची?

उत्तर: मतदान फार छान झालं, आणि त्यात सगळ्यांना एक मत होतं हे तर उत्तमच. जात मी आणली नाही हो, ती गाडीतून उतरली. मी फक्त पाहिलं ते सांगितलं. नीलपंखाचंच घ्या. दसऱ्याला त्याचं दर्शन शुभ मानतात, आणि देशात काही ठिकाणी तो धरून, पिंजऱ्यात घालून दारोदार दाखवायची चाल होती. दर्शनाचं पुण्य घरवाल्याला, पक्षी धरल्याचा डाग धरणाऱ्याला. हे बोललं म्हणून आनंद कमी होत नाही. नीलपंख जितका निळा आहे तितकाच राहतो.

प्रश्न: पारध्यांच्या ज्ञानाचा सन्मान म्हणजे शिकारीला मोकळीक का? तित्तर-लाव्यांची विक्री अजून होते.

उत्तर: होते, आणि ती बेकायदेशीर आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा मला मान्य आहे. लावा उरला पाहिजे. पण दोन प्रश्न वेगळे ठेवू. ‘याला पक्षी कळतो का’ हा ज्ञानाचा प्रश्न. ‘याने पक्षी मारावा का’ हा कर्तव्याचा. दुसऱ्याचं उत्तर ‘नाही’ आलं म्हणून पहिल्याचं ‘नाही’ होत नाही. ह्यूमने तर हजारोंनी पक्षी मारून लंडनच्या संग्रहालयाला दिले, त्याला आपण शास्त्रज्ञ म्हणतो. कायद्याने फास काढून घेतला, ठीक. त्या हातात दुसरं काय दिलं, हे विचारायचं राहून गेलं. मार्गदर्शकाचं मानधन हे त्याचं एक लहानसं उत्तर आहे. पुरेसं नाही, पण सुरुवात म्हणून बरं.

प्रश्न: मी अठरा वर्षांची आहे. उद्या सकाळी काय करू?

उत्तर: तुझ्या आजीला विचार, तुमचा घाट कोणता होता आणि तिथे कोणते पक्षी येत. मग आजीला घेऊन तिथे जा. दुर्बीण असली तर आधी तिच्या हातात दे.

चहा बाहेर ठेवला आहे.